पगार परवडत नाही, की धंद्याचं गणितच जुळत नाही?



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक तास असा असतो, ज्यात सगळ्यांनी आपल्या होणाऱ्या दुकानाचा महिन्याचा खर्च कागदावर मांडायचा असतो. मंडळी तयारीने येतात. गाळ्याचं भाडं मालकाला विचारून आणलेलं असतं. फर्निचरचं कोटेशन असतं, होलसेलरकडचा भाव असतो, बँकेच्या हप्त्याचा आकडा तर तोंडपाठ असतो. फक्त एका ओळीवर अंदाज असतो. हेल्पर किंवा सेल्समनच्या पगाराची ओळ. तिथे उत्तर येतं, "सर, आमच्याकडे सहा-सात हजारात पोरं मिळतात की."

म्हणजे बाकी सगळ्या ओळींवर आपण लिहितो 'किती द्यावे लागतील', आणि या एका ओळीवर लिहितो 'कितीत भागेल'. आजचा लेख या ओळीवर आहे. व्हिडिओत मी साधारण मार्केटिंग आणि मार्जिनवर बोलतो, पण हा विषय पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहून काढतोय. माझं मत आधीच सांगतो. ज्या धंद्याचं गणित फक्त माणसाला कमी पगार दिल्यावरच जुळतं, ते गणित जुळलेलंच नसतं. तूट तशीच असते. ती तुमच्याऐवजी तुमचा हेल्पर भरत असतो.

तुमचा खरा गुंतवणूकदार कोण?

थोडं शांतपणे बघा. समजा एका माणसाला त्या कामाचे रीतसर तेरा हजार मिळायला हवेत आणि तुम्ही सात देताय. महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. एवढी रक्कम त्याने तुमच्या धंद्यात घातली. बँकेने घातली असती तर व्याज घेतलं असतं. पार्टनरने घातली असती तर नफ्यात वाटा मागितला असता. मेव्हण्याने घातली असती तर निदान घरच्या कार्यात चारचौघांत ऐकवलं तरी असतं. हेल्पर काहीच मागत नाही. दुकान चाललं की गाडी तुमच्या दारात येते, आणि नाही चाललं तर आधी त्याला सांगितलं जातं, "पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस."

विषमता म्हटलं की आपल्याला मोठ्या उद्योगपतींची घरं आठवतात, त्यांच्या घरची लग्नं आठवतात. त्यावर बोलायला आपल्याला आवडतं, कारण तिथे आपण गरीब बाजूला उभे असतो. पण उतरंडीत मधल्या मडक्यावर वरचा भार असतो तसं त्याच्याखालीही एक मडकं असतंच. मोठी कंपनी डिस्ट्रिब्युटरला दाबते, डिस्ट्रिब्युटर दुकानदाराला, ऑनलाइनवाला सगळ्यांनाच. दुकानदार हा दाब खाली ढकलतो. हेल्परच्या खाली कोणी नाही. तो दाब त्याच्या घरात जातो. मुलाच्या क्लासची फी थांबते, आईची गोळी एक दिवसाआड होते.

आता आकडे मांडू

बीबीएला असताना ब्रेक-इव्हनची गणितं आम्ही पेपरसाठी सोडवली. दुकान टाकल्यावर तीच गणितं रात्री शटर ओढल्यावर सोडवावी लागतात. एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

तालुक्याच्या गावातलं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान. महिन्याची विक्री चार लाख. मार्जिन सरासरी २५ टक्के, म्हणजे हातात एक लाख. भाडं २२ हजार, लाइट बिल ५ हजार, कर्जाचा हप्ता १८ हजार, पिशव्या-वाहतूक-फोन-अकाउंटंट मिळून १० हजार. उरले ४५ हजार. दोन माणसं सात-सात हजारांनी ठेवली तर मालकाला ३१ हजार राहतात. तेरा-तेरा हजार दिले तर १९ हजार.

इथे बहुतेकांचा चेहरा पडतो, आणि तो पडायलाच हवा. १९ हजारांसाठी कोणी कर्ज काढून दुकान टाकत नाही. पण म्हणून आपण काय करतो? प्रश्न दुकानाचा असतो आणि उत्तर हेल्परच्या खिशात शोधतो.

फरक आहे महिन्याला १२ हजारांचा. २५ टक्के मार्जिनने तो भरून काढायला विक्री ४८ हजारांनी वाढवावी लागेल. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे साधारण साडेअठराशे. सरासरी बिल ९०० चं असेल तर रोज दोन बिलं जास्त. आता हा आकडा डोंगर वाटत नाही ना? आणि ती दोन बिलं कोण वाढवणार आहे? तुम्ही तर गल्ल्यावर बसलेले असता. गिऱ्हाइकासमोर साडी उलगडणारा हात त्याच माणसाचा आहे, ज्याचा पगार आपण कापायला निघालो होतो.

माझ्या दुकानात एक ताई सहा वर्षं आहेत. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाच्या घरी काठपदरच लागतो, कोण भाव करून थकतं आणि कोण न विचारता घेऊन जातं, हे सगळं त्यांना माहीत. लग्नाचा बस्ता बांधायला येणारं कुटुंब दुकानात तीन-चार तास बसतं. आठ-दहा माणसं, दहा मतं. नवीन पोरगी असेल तर ती गोंधळते, मंडळी चहा पिऊन शेजारच्या दुकानात जातात. ताई असतील तर बस्ता आमच्याकडेच बांधला जातो. असा एक मध्यम बस्ता चाळीस-पन्नास हजारांचा होतो. लग्नसराईत महिन्याला असा एक बस्ता निसटला नाही, तरी वरचा १२ हजारांचा फरक त्या महिन्यापुरता भरून निघतो.

उलट कमी पगारावरचा माणूस चार-सहा महिन्यांत जातो. नव्याला माल कुठल्या रॅकवर आहे हे कळायलाच दोन-तीन महिने लागतात. तोवरची चुकीची मापं, परत आलेले ड्रेस, तोंड वाकडं करून गेलेलं गिऱ्हाईक, हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. लिहिला जात नाही म्हणून आपल्याला वाटतं की पगारात आपण पैसे वाचवले.

आणि तरीही गणित बसत नसेल तर? मग सरळ एकच माणूस ठेवा, दुसऱ्याच्या जागी काउंटरला स्वतः उभे राहा. लहान गाळा घ्या, कमी कर्ज काढा. दुकान टाकायच्या आधी हे सगळं बदलता येतं. नंतर बदलायला सोपा फक्त पगार उरतो.

कायदा काय म्हणतो

आपल्यात एक गैरसमज पक्का बसलाय, की कामगार कायदे फॅक्टरीवाल्यांसाठी, दोन माणसांच्या दुकानाला काही लागत नाही. काही कायद्यांचं ते खरं आहे. पीएफ साधारण वीस माणसांपासून लागू होतो, बोनसचंही तसंच. ईएसआय दहा माणसांपासून. पण किमान वेतनाला अशी खालची मर्यादा नाही. दुकानात एकच माणूस असला तरी किमान वेतन द्यावंच लागतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही तसंच होतं, आणि त्याच्यासह चार जुने कायदे एकत्र करून २०१९ साली जी वेतन संहिता आली, तिच्यातही तसंच आहे. महाराष्ट्रात दुकानांसाठीचे दर भागानुसार तीन परिमंडळांत आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा गटांत ठरतात. त्यावर महागाईप्रमाणे विशेष भत्ता असतो, तो वर्षातून दोनदा बदलतो. आपल्या भागाचा आजचा दर कामगार आयुक्त कार्यालयाच्या वेबसाइटवर किंवा जवळच्या कामगार कार्यालयात मिळतो. भाडं विचारायला जसे तीन गाळेमालकांकडे जाता, तसा हाही आकडा विचारून घ्या.

हा दर म्हणजे कुणी हवेत ठरवलेला आकडा नाही. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेत त्याची मोजपट्टी ठरली. कमावत्या माणसासह तीन जणांच्या खाण्याइतका हिशेब, एका प्रौढाला दिवसाला २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांच्यासाठी त्यात आणखी २५ टक्के धरा. यात चैन कुठे आहे सांगा. कापडाच्या दुकानात काम करणाऱ्याच्या घरी वर्षाला ७२ वार कापड जावं, एवढंच तर म्हटलंय.

अजून एक गोष्ट प्रत्येक नव्या उद्योजकाने ऐकायला हवी. क्राउन ॲल्युमिनियम वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं, की जो उद्योग आपल्या कामगारांना किमान जगण्यापुरतं वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. पहिल्यांदा वाचताना हे कठोर वाटतं. पण विचार करा, होलसेलरचे पैसे देऊ न शकणाऱ्या दुकानाला आपण काय म्हणतो? बुडीत. मग माणसाच्या मेहनतीचे पैसे देऊ न शकणाऱ्या दुकानाला 'सुरुवात आहे, होईल हळूहळू' असं का म्हणायचं?

"पण सर, बाकीचे देत नाहीत ना!"

हा आक्षेप खोटा नाही. शेजारचा सात हजारांत माणूस ठेवून साडी पन्नास रुपयांनी स्वस्त विकतो, तेव्हा नियमाने वागणारा मार खातो. आमच्या पेठेतही दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही रेट बिघडवताय. आमची पोरं आता आम्हाला विचारायला लागलीत." मी म्हटलं, विचारू द्या की. तयार मालाचा भाव सुरतहून वाढून येतो तेव्हा आपण निमूट देतो. भाव फक्त माणसाचाच वाढू नये, असं का?

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. "मी तेरा हजार दिले तर दोनाऐवजी एकच माणूस ठेवेन. दुसऱ्याची नोकरी गेली, त्याचं काय?" याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. काही ठिकाणी असं होईल. पण साडेसहा हजारांच्या दोन नोकऱ्या म्हणजे दोन घरांची सोय होत नाही, एका घराची सोय दोन घरांत अर्धी-अर्धी वाटली जाते. दोघंही उसनवारी करतात, दोघंही संध्याकाळी दुसरं काम शोधतात आणि दोघंही संधी मिळताच सोडून जातात. त्यापेक्षा एक माणूस पूर्ण पगारावर ठेवा, धंदा वाढवा, आणि दुसरा पूर्ण पगार परवडेल तेव्हा दुसरा माणूस घ्या. वेळ लागेल. पण तो रोजगार खरा असेल.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी बोलत नाही, पण वहीत दिसते. त्याच काउंटरवर, त्याच वेळात, पोराला नऊ हजार आणि पोरीला सात. "ती काय, घराला हातभार म्हणून येते." समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला, आणि कोण कशासाठी काम करतं हे विचारायचा अधिकार त्याने मालकाला दिलेला नाही. साड्यांच्या दुकानात तर गिऱ्हाईकही त्याच पोरीला शोधत येतं.

पगाराच्या तारखेचं काय?

आपण छोटे उद्योजक एका गोष्टीवर कायम तक्रार करतो आणि ती रास्त आहे. मोठ्या कंपन्या पेमेंट अडकवतात. म्हणून तर २००६ च्या कायद्याने लघुउत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायची तरतूद केली, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लावलं. एप्रिल २०२४ पासून आयकरातही त्याची अट आली. आपण तिचं स्वागत केलं, मीही एक व्हिडिओ केला होता.

आता हाच आरसा आपल्याकडे वळवा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, असा नियम आहे. किती दुकानांत पाळला जातो? होलसेलरचा चेक वेळेवर जातो, कारण नाही गेला तर माल थांबतो. बँकेचा हप्ता वेळेवर जातो, कारण सिबिल बिघडतो. हेल्परला मात्र "आज गल्ल्यात नाहीये रे, परवा बघू" असं सहज म्हणता येतं. ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे, त्याच्याकडून आपण दहा-पंधरा दिवसांचं बिनव्याजी कर्ज घेतो आणि त्याला कॅश फ्लो मॅनेजमेंट म्हणतो.

मग तोच माणूस २० तारखेला उचल मागतो आणि आपण म्हणतो, या लोकांना पैसा टिकवता येत नाही. पगार १५ ला झाला असेल तर २० पर्यंत किराणावाल्याची उधारी देऊन तो मोकळा झालेला असतो, हे आपण बघत नाही. उचल द्यायची तर द्या, पण दोघांच्या सहीने वहीत लिहा आणि किती महिन्यांत वळती करायची ते आधीच ठरवा. उचलीच्या नावाखाली माणूस बांधून ठेवू नका. तसंच खाड्यांचं. एक खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा, ही पद्धत काही पेठांत अजून आहे. त्याला शिस्त म्हणू नका.

पैशाबाहेरच्या दोन गोष्टी

पहिली, बसायला स्टूल. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसतं, मालक गल्ल्यावर बसतो आणि विकणारी बाई सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभी असते. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्यात घातला. केरळात त्यासाठी कापड दुकानांतल्या बायकांनीच आवाज उठवला होता. स्टूलाला कायद्याची वाट कशाला बघायची? गिऱ्हाईक नसताना बसलेली बाई आळशी दिसते, हा आपल्या डोळ्यांचा दोष आहे. पाय न दुखणारी बाई संध्याकाळी सातच्या गिऱ्हाइकालाही हसून साडी दाखवते.

दुसरी, आठवड्याची सुट्टी. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून रविवारच्या सुट्टीची मागणी करत होते. ती १० जून १८९० ला मान्य झाली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा दिली, पण त्याच कायद्यात कामगाराला आठवड्याची सुट्टीही ठेवली. दोन-चार माणसांच्या दुकानाला त्यातल्या बऱ्याच अटी लागत नाहीत, हे खरं. तरी एक वार ठरवा, पाळीपाळीने ठरवा. सुट्टीच्या दिवसाचा पगार कापू नका. तुमच्या माणसालाही मुलाच्या शाळेत एकदा जाऊन यायचं असतं.

या आठवड्यात काय करायचं

ज्यांचं दुकान अजून व्हायचंय त्यांनी खर्चाचा कागद परत काढा. पगाराची ओळ सगळ्यात वर घ्या, तिथे आपल्या भागाचा किमान वेतनाचा दर लिहा, आणि मग खालच्या ओळी बसवा. गाळा, फर्निचर, पाटीवरचे दिवे, सगळं त्यानंतर. बसत नसेल तर दुकानाचा आकार कमी करा. सहा महिने थांबावं लागलं तर थांबा.

ज्यांचं दुकान चालू आहे त्यांना एकदम उडी झेपणार नाही, मला कल्पना आहे. पण कायद्याच्या दरात आणि तुमच्या पगारात किती अंतर आहे, ते आज रात्री वहीत लिहून काढा. ते तुमच्यावरचं देणं आहे. बँकेच्या देण्यासारखंच त्याचंही वेळापत्रक बनवा, आणि ते लांबवू नका. पगाराची तारीख तर याच महिन्यापासून पाळता येईल, त्याला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. आणि पगार खात्यावर द्या. त्या माणसाला उद्या बँकेत कर्ज मागायचं झालं, तर दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असेल.

कोण जाणे, ते कर्ज तो स्वतःचं दुकान टाकायलाच मागेल. आपल्या बॅचमध्ये बसणाऱ्यांपैकी कितीतरी जण आधी कुणाच्या तरी काउंटरवर उभे होते. तेव्हा महिन्याची सात तारीख कशी जायची, ते त्यांना मी सांगायची गरज नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.